जस्टिन यीफू लिन आणि चीनची आर्थिक वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकासाचं अर्थशास्त्र शिकवताना चीनचं प्रकरण आलं की मुलं जागी होतात. त्यांचे प्रश्न मात्र दर वर्षी तेच असतात, आणि त्यातले निम्मे फिरून एकाच माणसाच्या कामापाशी येऊन थांबतात. म्हणून ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

हे लिन नेमके कोण?

जस्टिन यीफू लिन, पेकिंग विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जन्म 1952 चा, तैवानमधल्या यीलानचा. जन्माच्या वेळचं नाव लिन झेंगयी. तैवानच्या लष्करात ते कॅप्टन होते आणि नेमणूक होती किनमेन बेटावर. हे बेट तैवानच्या ताब्यात, पण चीनच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून आहे. 16 मे 1979 च्या रात्री ते तिथून समुद्रात उतरले आणि सुमारे 2 किलोमीटर पोहून चीनच्या बाजूला लागले. मागे तीन वर्षांचा मुलगा आणि गरोदर पत्नी. नाव बदलून 'यीफू' केलं ते नंतर.

पेकिंग विद्यापीठात त्यांनी मार्क्सवादी अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. 1980 मध्ये थिओडोर शुल्ट्झ बीजिंगला आले. शेतकरी अडाणी नसतो, आहे त्या परिस्थितीत तो हिशेबीच वागतो, असं आयुष्यभर सांगणारा हा शिकागोचा अर्थतज्ज्ञ; नोबेल आदल्याच वर्षी मिळालेलं. त्यांना दुभाषा हवा होता आणि इंग्रजी येणारा विद्यार्थी म्हणून लिन यांना उभं केलं गेलं. त्या ओळखीतून शिकागोचं दार उघडलं. 1986 मध्ये पीएचडी, त्यानंतर येलला थोडा काळ, आणि 1987 मध्ये परत बीजिंग. त्या काळात परदेशातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन चीनला परतणारं दुसरं कुणी जवळपास नव्हतंच.

त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?

बहुतेक लोक 'नवं संरचनात्मक अर्थशास्त्र' (ते काय, हे पुढे येईल) असं उत्तर देतील, कारण जागतिक बँकेत गेल्यावर त्यांनी त्याचाच गाजावाजा केला. माझं उत्तर वेगळं आहे. 1988 ते 1995 या सात-आठ वर्षांत त्यांनी चीनच्या शेतीवर आणि इतिहासावर जे शोधनिबंध लिहिले, ते खरे टिकाऊ. त्यात प्रश्न लहान आहे, आकडे हाताशी आहेत आणि चूक निघायची असेल तर ती काढण्याची सोय आहे. पुढचं काम मोठं आहे, पण पसरट. म्हणून खालच्या उत्तरांत शेतीला जास्त जागा दिली आहे.

श्याओगांग गावात काय घडलं होतं?

तेव्हा चीनमध्ये शेती सामुदायिक होती, घराला स्वतंत्र जमीन कसता येत नसे. आन्हुई प्रांतात फेंगयांग नावाचा तालुका आहे. हंगाम संपला की भीक मागत बाहेर पडणाऱ्यांचा मुलूख अशी त्याची ओळख. तिथल्या श्याओगांग गावात 1978 च्या हिवाळ्यात 18 शेतकरी एका मातीच्या घरात जमले आणि त्यांनी एका कागदावर अंगठे उठवले. कागदातला मजकूर थोडका: जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा कोटा (सरकारला द्यावंच लागणारं धान्य) आधी भरायचा, सरकारकडे पुन्हा पैसा-धान्य मागायचं नाही, आणि हे उघडकीला येऊन म्होरके तुरुंगात गेले तर बाकीच्यांनी त्यांची मुलं 18 वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. शेवटचं कलम वाचलं की तेव्हा जमीन वाटून घेण्यात काय जोखीम होती ते कळतं.

या पद्धतीचं सार सांगणारी एक चिनी म्हण तेव्हा रूढ झाली: सरकारचं सरकारला द्या, सामुदायिक ते समुदायाला द्या, उरलं ते सगळं आपलं. 'उरलं ते आपलं' यातच सगळी गंमत आहे. सरकारी भाषेत तिला 'कुटुंब जबाबदारी पद्धत' म्हणतात. जमिनीची मालकी समुदायाचीच राहिली, कसण्याचा हक्क घराकडे आला. आपल्याकडे चीनने जमीन 'शेतकऱ्यांच्या नावावर केली' असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. सातबारा कुणाच्याही नावावर झाला नाही.

श्याओगांग हे एक गाव. त्यावरून देशाबद्दल कसं बोलायचं?

बरोबर, आणि लिन यांचं काम इथूनच सुरू होतं. 1978 नंतर चीनचं पीक भराभर वाढलं हे सगळ्यांना दिसत होतं. 1978 ते 1984 या काळात वाढ सुमारे 42 टक्के. पण याच सहा वर्षांत इतरही बरंच काही घडत होतं. 1979 मध्ये सरकारने धान्याचा खरेदी भाव 20 टक्क्यांनी वाढवला, आणि कोट्यापेक्षा जास्त विकलेल्या धान्यावरचा जादा भाव 30 टक्क्यांवरून 50 टक्के केला. रासायनिक खतांचा वापर वाढत होता. ग्रामीण बाजारांवरची बंधनं सैल होत होती. मग श्रेय कुणाला?

लिन यांनी 1992 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त उत्तर दिलं. युक्ती साधी होती. जमीन वाटून कसण्याची पद्धत सगळीकडे एकाच दिवशी आली नाही. 1979 मध्ये देशातल्या फक्त 1 टक्का उत्पादन-तुकड्यांनी (एकत्र शेती करणारे वीस-तीस घरांचे गट) ती घेतली होती. 1980 मध्ये 14, 1981 मध्ये 45, 1982 मध्ये 80 आणि 1983 मध्ये 98 टक्के. कुठल्या प्रांतात ती आधी आली, कुठे उशिरा. भाववाढ मात्र देशभर एकदमच झाली. म्हणजे 28 प्रांतांची 1970 ते 1987 ची आकडेवारी शेजारी ठेवली, तर 'लवकर वाटणी केलेल्या प्रांतात पीक लवकर वाढलं का' हे तपासता येतं आणि भाव, खत, मजूर, जमीन यांचा परिणाम वेगळा काढता येतो.

निष्कर्ष: सहा वर्षांतल्या वाढीपैकी साधारण 47 टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी वाढ, केवळ वाटणीमुळे. तीच जमीन, तेच हात, तेवढंच खत, आणि तरी जास्त पीक. खतांचा वाटा साधारण एक तृतीयांश. भाववाढीनेही मदत केली, पण ती मुख्यतः शेतकऱ्याने जास्त खत वगैरे घातल्यामुळे. बाजार खुला करण्याच्या बाकीच्या सुधारणांचा परिणाम त्यांना अगदी किरकोळ दिसला. शिकागोत, म्हणजे खुल्या बाजाराच्या बालेकिल्ल्यात, शिकून आलेल्या माणसाने हा शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे छापला, याचं मला कौतुक वाटतं.

1984 नंतर वाढ का मंदावली?

कारण वाटणीचा फायदा एकदाच मिळतो. 98 टक्के तुकड्या वाटून झाल्यावर वाटायला उरलं काय? शिवाय गावांनी चालवलेल्या कारखान्यांत काम मिळू लागलं तशी माणसं पिकाच्या शेतीतून बाहेर पडली आणि खतवापराची वाढही एकदम खाली आली.

सामुदायिक शेतीत लोक काम का करत नव्हते? आळशी होते का?

नाही. 'चिनी माणूस कष्टाळू' म्हणणारे आणि 'समाजवादात माणूस आळशी होतो' म्हणणारे, दोघेही उत्तर स्वभावात शोधतात. लिन ते हिशेबाच्या वहीत शोधतात.

ती वही कशी होती बघा. वीस-तीस घरांची एक उत्पादन-तुकडी. दिवसभराच्या कामाला गुण. धडधाकट पुरुषाला 10, बाईला बहुधा 7 किंवा 8, ती कितीही पुढे असली तरी. एका गुणाची किंमत किती हे कामाच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसे. वर्षअखेर पीक येणार, सरकारी कोटा जाणार, बियाणं-खतासाठी राखून ठेवणार, उरलेल्याला एकूण गुणांनी भागणार, तेव्हा ती कळणार. आता कारखान्यात पट्ट्यासमोर उभा असलेला मजूर हात आखडता घेतो तेव्हा मुकादमाला दिसतं. भाताची लावणी करताना रोप किती खोल टोचलं, मूळ दुमडलं की सरळ गेलं, हे बांधावर उभ्या मुकादमाला कसं दिसणार? ते चार महिन्यांनी लोंबीत दिसतं, आणि तोवर त्यात पाऊसही मिसळलेला असतो. शेतीच्या कामावर देखरेख ठेवणं महाग पडतं. मग सोपा मार्ग निघतो: सगळ्यांना सारखे गुण. ज्याने मन लावून लावणी केली त्यालाही 10, ज्याने उरकली त्यालाही 10. घरची शेती झाली की ही देखरेख फुकट होते, कारण राखणारा आणि खाणारा एकच.

'बाहेर पडण्याचा हक्क' हा काय प्रकार आहे?

हा लिन यांचा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात वादग्रस्त मुद्दा. 1990 मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आलेला.

प्रश्न असा: सामुदायिक शेतीत कामचुकारपणा अटळ असेल, तर 1952 ते 1958 या काळात चीनच्या सहकारी शेतीचं पीक वाढत का गेलं? आणि मग 1959 मध्ये एकदम 15 टक्क्यांनी, 1960 मध्ये आणखी तेवढंच, का कोसळलं?

समजायला आपली सावड घ्या. माझे बैल आज तुझ्या शेतात, तुझे उद्या माझ्या. कुणी करारपत्र करत नाही, कुणी मुकादम नसतो. तरी सावड चालते, कारण ज्याने अंगचोरी केली त्याच्या बांधावर पुढच्या खेपेला कुणी फिरकत नाही. उठून जाता येतं म्हणून सावड टिकते. लिन यांचं म्हणणं नेमकं हेच, फक्त खेळ-सिद्धांताच्या (गेम थिअरी) भाषेत. सुरुवातीच्या सहकारी संस्थांतून, निदान कागदावर, सभासद आपली जमीन-बैल घेऊन बाहेर पडू शकत होता. ती धमकी सगळ्यांना सरळ ठेवत होती. 1958 च्या शरद ऋतूत तीन महिन्यांत सुमारे 7 लाख 53 हजार सहकारी शेतं गुंडाळून 24 हजार कम्यून, म्हणजे हजारो घरांची एकेक सक्तीची सामुदायिक शेती, उभे केले गेले. 12 कोटी कुटुंबं, म्हणजे ग्रामीण चीनमधली 99 टक्के. आता बाहेर पडणार कुठे? धमकी संपली, शिस्त संपली, आणि उत्पादकता जी पडली ती पुन्हा घराघरांत जमीन येईपर्यंत 1952 च्या पातळीवर चढली नाही.

पीक कोसळल्यावर 1959 ते 1961 मध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे 3 कोटी माणसं गेली. सक्ती नसलेल्या गटातून उठून जाता येणं किती मोलाचं, हे लिहिणारा माणूस स्वतः रात्री समुद्रातून उठून आलेला होता, हे मी वर्गात सांगत नाही. मुलं मग सिद्धांत विसरतात आणि तेवढंच लक्षात ठेवतात.

हे सगळ्यांना मान्य आहे का?

मुळीच नाही. 1993 मध्ये 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स'ने या एका निबंधावर टीकालेखांचा संच छापला. कुणी म्हणालं, बाहेर पडण्याचा हक्क 1956 च्या आसपासच नावापुरता उरला होता, मग कोसळायला 1959 का उजाडावं? कुणी गणितावर बोट ठेवलं: बाहेर पडण्याची मुभा असली तर चांगले शेतकरी आधी निघून जातील आणि संस्था उलट खिळखिळी होईल.

पुढे 2005 मध्ये वेइ ली आणि डेनिस ताओ यांग यांनी कारणांची वाटणी मांडली. साधारण एक तृतीयांश पडझड शेतीतली माणसं आणि साधनं पोलादाच्या भट्ट्यांकडे वळवल्यामुळे, आणि 28 टक्के बेसुमार सरकारी वसुलीमुळे, कारण उपाशी माणूस पुढचं पीक काय काढणार? मला हे चित्र अधिक पटतं. लिन यांच्या निबंधाने उत्तर दिलं त्यापेक्षा प्रश्न बरोबर विचारला, असं मी म्हणेन. पीक का पडलं हे हवामानावर ढकलण्याची सोय त्यांनी संपवली.

अमर्त्य सेन यांच्या दुष्काळाच्या सिद्धांताशी याचा काय संबंध?

थेट आहे. सेन यांचं म्हणणं, दुष्काळ अन्न नसल्यामुळे नव्हे तर अन्नावर हक्क नसल्यामुळे पडतो. 2000 मध्ये लिन यांनी डेनिस ताओ यांग यांच्यासोबत 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये चीनचे प्रांतवार मृत्यूदर तपासले आणि दोन्ही कारणं एकत्र मोजली. चीनमध्ये शहरातल्या माणसाला शिधापत्रिकेवर धान्याची हमी होती. गावाने आधी कोटा भरायचा आणि मग उरलंसुरलं खायचं. निष्कर्ष: धान्य घटलं हे खरं, पण ज्या प्रांतात ग्रामीण लोक जास्त तिथे मृत्यूही जास्त. पिकवणारेच मेले. आकडेशास्त्राने सेन यांची कल्पना तपासणारा हा पहिला अभ्यास, असं लेखकद्वय सांगतं.

भारतातही सामुदायिक शेती येणार होती, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याची जागा नागपूर. 1956 मध्ये भारत सरकारने चीनची शेती बघायला दोन शिष्टमंडळं पाठवली. त्यातलं सहकारी शेती पाहणारं मंडळ आर. के. पाटील यांच्या नेतृत्वाखाली होतं. तिथून आलेल्या उत्साहाचा वाटा असलेला ठराव जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात झाला: पुढे शेती संयुक्त सहकारी पद्धतीने व्हावी. चरणसिंगांनी तिथेच विरोध केला. त्याच वर्षी राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला, त्यामागे हा ठराव हे एक मोठं कारण. ठराव कागदावरच राहिला. नागपुरात हात वर होत होते त्याच हिवाळ्यात चीनमध्ये कम्यूनच्या भोजनगृहांतलं धान्य संपू लागलं होतं, पण ते बाहेर कुणाला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

यावर पश्चिम महाराष्ट्रातली मुलं हमखास विचारतात: मग आमचे साखर कारखाने? तेही सहकारीच की. हो, पण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभं केलं त्यात जमीन शेतकऱ्याचीच राहिली, ऊस त्याने आपल्या शेतात पिकवला, एकत्र आला तो फक्त गाळपासाठी. लावणीवर मुकादम लागत नाही. ऊस काट्यावर तोलला जातो. (काट्यावरच्या तक्रारी हा वेगळा विषय, तो इथे नको.) लिन यांच्या चौकटीत बघितलं तर हा फरक फार मोठा आहे.

'नीडहॅमचं कोडं' म्हणजे काय, आणि लिन त्यात कुठे येतात?

जोसेफ नीडहॅम हा केंब्रिजचा जीवरसायनशास्त्रज्ञ. त्याने चिनी विज्ञानाचा इतिहास लिहिला आणि विचारलं की कागद, छपाई, बंदुकीची दारू, होकायंत्र सगळं आधी चीनमध्ये. मग आधुनिक विज्ञान युरोपात का जन्मलं?

लिन यांचं 1995 मधलं उत्तर असं. जुन्या काळी शोध अनुभवातून लागत. कुंभार, लोहार, शेतकरी काहीबाही करून बघत, त्यात एखादं जमून जाई. अशा खेळात ज्याच्याकडे माणसं जास्त तो जिंकणार, आणि चीनकडे माणसं सगळ्यात जास्त. पुढे शोध मुद्दाम केलेल्या प्रयोगातून आणि गणितातून लागू लागले. तेव्हा नुसती डोकी मोजून भागेना. ती प्रयोगाकडे वळायला हवी होती. चीनमध्ये हुशार मुलगा वळत होता राजसेवेच्या परीक्षेकडे. 4 लाखांहून अधिक अक्षरांचे कन्फ्यूशियन ग्रंथ पाठ करायचे, वर्षानुवर्षं परीक्षा द्यायच्या, पास झालं की घराण्याचं कल्याण. ही परीक्षा 1905 मध्ये बंद झाली.

पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत हे उत्तर वाचून दाखवलं तर काय होईल याची मला उत्सुकता आहे. पण खरं सांगायचं तर हा निबंध चमकदार असला तरी शेतीवरच्या निबंधांइतका पक्का नाही. इथे तपासायला 28 प्रांत नाहीत, चीन एकच.

मग चीन 1978 आधी गरीब आणि नंतर श्रीमंत, याचं त्यांचं एका वाक्यातलं कारण?

एका वाक्यात: आधी चीनने आपल्याकडे जे नव्हतं त्याच्यावर उद्योग उभे केले, नंतर जे होतं त्याच्यावर.

थोडं उलगडून. 1950 च्या दशकात चीनकडे माणसं भरपूर आणि भांडवल तुटपुंजं. तरी नेतृत्वाला पोलाद आणि यंत्रं हवी होती, आणि ती भांडवल खातात. खुल्या बाजारात असा कारखाना एक दिवस तगला नसता. म्हणून व्याजदर दाबला, परकीय चलन स्वस्त ठेवलं, मजुरी दाबली. मजुरी दाबायची तर धान्य स्वस्त हवं, म्हणून 1953 पासून धान्याची सक्तीची सरकारी खरेदी. आणि शेतकरी त्या भावाला विकेना म्हणून सामुदायिक शेती. म्हणजे कम्यून हे माओंचं वेड नव्हतं, पोलादाच्या हट्टाची ती शेवटची कडी होती. त्साय फांग आणि ली झोउ यांच्यासोबत 1994 मध्ये लिहिलेल्या 'चायना मिरॅकल' या पुस्तकाचा गाभा हा आहे. महालनोबिस यांची, अवजड उद्योगांवर भर देणारी, भारताची दुसरी पंचवार्षिक योजना आठवणाऱ्याला यात ओळखीचं बरंच सापडेल.

अशा कारखान्यांना ते 'स्वबळावर न तगणारे' म्हणतात. 1978 नंतर चीनने ते एका फटक्यात बंद केले नाहीत, त्यांना पोसणं चालू ठेवलं. शेजारी खेळणी, कपडे, बूट यांना दार उघडलं, 1980 मध्ये शेनझेनसारखी विशेष क्षेत्रं काढली. रशियाने सगळं एकदम सोडलं आणि कोसळला. चीनने दोन रुळांवर गाडी चालवली, असा त्यांचा युक्तिवाद.

नवं संरचनात्मक अर्थशास्त्र यापेक्षा वेगळं काय सांगतं?

तेच, पण सगळ्या गरीब देशांना. जून 2008 मध्ये लिन जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले; विकसनशील देशातून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले. (2012 मध्ये त्यांच्यानंतर कौशिक बसू आले.) तिथे त्यांनी एक कृती बेतली. आपल्यासारखीच साधनसंपत्ती पण साधारण दुप्पट दरडोई उत्पन्न असलेला देश शोधा. वीस वर्षं तो काय बनवून विकतो आहे ते पाहा. तिथली मजुरी वाढली की ते उद्योग बाहेर पडणार. त्यांना रस्ता, वीज, जकात यांची अडचण दूर करून आपल्याकडे बोलवा.

दाखला इथिओपियाचा देतात. लिन यांनी पंतप्रधान मेलेस झेनावी यांना सांगितलं, ते ऑगस्ट 2011 मध्ये शेनझेनला गेले, आणि जानेवारी 2012 मध्ये हुआजिआन या चिनी बूट कंपनीचा कारखाना अदिस अबाबाजवळ सुरू झाला. चामडं तिथलं, मजुरी चीनच्या मानाने फारच कमी. आणि मग 2020 मध्ये तिथे यादवी पेटली, 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेने इथिओपियाची करमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली. लिन यांच्या कृतीत ही पायरी नव्हती.

त्यांचे मुख्य विरोधक कोण?

दोन बाजूंनी आहेत. तेव्हा केंब्रिजमध्ये असलेले हा-जून चांग म्हणतात, तुम्ही फारच भित्रे. 1960 च्या दशकाच्या शेवटी दक्षिण कोरियाकडे ना लोहखनिज, ना कोळसा, ना पैसा; जागतिक बँकेने पोलाद कारखान्याला नकार दिला, तरी तो त्यांनी उभा केला आणि तो जगात नावाजला. आहे त्यावर समाधान मानलं असतं तर कोरिया अजून केसांचे टोप विकत बसला असता. ही जुगलबंदी 2009 मध्ये छापली गेली आणि दोघेही सभ्यपणे भांडतात, वाचायला मजा येते.

दुसरे झांग वेइयिंग, 1994 मध्ये लिन यांच्यासोबत पेकिंग विद्यापीठात आर्थिक संशोधन केंद्र उभारणाऱ्यांपैकीच एक. 9 नोव्हेंबर 2016 रोजी दोघे विद्यापीठात समोरासमोर बसले. चिनी भाषेत पहिलं धाडस करणाऱ्याला 'पहिला खेकडा खाणारा' म्हणतात (कोकणात ही उपमा चालली नसती). लिन म्हणत होते, त्याला सरकारने काही भरपाई द्यावी, कारण तो चुकला तर एकटा बुडतो आणि बरोबर ठरला तर सगळे त्याच्या मागे येतात. झांग यांचं म्हणणं, उद्या कोणता उद्योग चालेल हे अधिकाऱ्याला कळतच नाही. अनुदान सुरू झालं की उद्योजक बाजाराकडे बघायचं सोडून कचेरीकडे बघू लागतो.

माझ्या मते झांग यांच्या आक्षेपाला लिन यांच्याकडे पुरेसं उत्तर नाही. त्यांच्या लिखाणात सरकार नेहमी शहाणं आणि प्रामाणिक असतं. ज्याने कम्यूनचा अभ्यास केला, त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

'चीन अजून वीस वर्षं 8 टक्क्यांनी वाढेल' हे भाकीत त्यांचंच ना?

त्यांचंच, मात्र ते 'क्षमता' हा शब्द वापरतात. तर्क असा: 2008 मध्ये चीनचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या 21 टक्के होतं. जपान 1951 मध्ये, तैवान 1975 मध्ये, कोरिया 1977 मध्ये याच टप्प्यावर होते, आणि पुढची वीस वर्षं ते अनुक्रमे 9.2, 8.3 आणि 7.6 टक्क्यांनी वाढले. मग चीन का नाही?

प्रत्यक्षात 2012 पासून दर 8 च्या खाली आला, 2019 मध्ये 6 च्या आसपास होता. महामारीनंतरचं 2021 चं उसळलेलं वर्ष सोडलं तर पुन्हा 8 दिसला नाही. लिन याचं खापर मुख्यतः बाहेरच्या मंदीवर फोडतात. घरबांधणीतलं कर्ज आणि म्हातारी होत चाललेली लोकसंख्या यांना त्यांच्या तर्कात फारशी जागा नाही.

ते सरकारचे प्रवक्ते आहेत का?

सरकारच्या जवळचे आहेत, हे उघड आहे. डिसेंबर 2018 मध्ये सुधारणांच्या चाळिशीनिमित्त ज्या 100 जणांना 'सुधारणेचे अग्रदूत' म्हणून पदक दिलं, त्यात लिन होते. त्याच यादीत श्याओगांगचे अंगठेवाले शेतकरीही होते. पण जवळचा आहे म्हणून आकडे खोटे, असं होत नाही. 1990 चा दुष्काळावरचा निबंध बीजिंगला परतल्यानंतर छापलेला आहे, आणि त्यात 3 कोटी मृत्यू आडपडदा न ठेवता लिहिलेले आहेत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करावी?

1992 च्या निबंधापासून. मधली समीकरणं पहिल्या वाचनात सोडा, तक्ते बघा. शेतीवाल्या घरातली मुलं तो इतरांपेक्षा लवकर समजतात, हा माझा अनुभव.

लिन पुढे कधी तैवानला परत गेले का?

नाही. पत्नी आणि मुलं त्यांना अमेरिकेत येऊन मिळाली, पण तैवानच्या लष्कराच्या लेखी ते पळालेले अधिकारीच राहिले. 2002 मध्ये वडील वारले. अंत्यसंस्काराला त्यांची पत्नी गेली. ते बीजिंगमध्येच थांबले.